पास्काच्या शनिवारपर्यंत

आमच्या चर्चमध्ये आता माणसं थोडी उरली आहेत. शेतं मोठी झाली, घरं कमी झाली, तरुण मंडळी सॅस्काटून शहरात गेली. त्यामुळे मोठ्या चर्चमधल्यासारखी चिठ्ठीवर नावं लिहून द्यायची आम्हाला गरज पडत नाही. शुभवर्तमान वाचून झालं की फादर तारास पायरी उतरून खाली येतात आणि विचारतात, "जिवंतांपैकी आज कुणाकुणाची आठवण करायची?" मग आम्ही बसल्या जागेवरून नावं सांगतो. आडनाव नाही, फक्त बाप्तिस्म्याचं नाव. फादर ते सुरात म्हणतात आणि सगळे मिळून "प्रभू, दया कर" म्हणतात. कुणाच्या घरी कोण आजारी, कुणाची सून बाळंत होणार, हे आम्हाला त्या नावांवरूनच कळतं.

झेनोविया माझ्या पुढच्या बाकावर बसते. तिला सगळे झेनिया म्हणतात. नवरा गेल्यापासून ती दर रविवारी तीच तीन नावं सांगायची: इवान्ना, ग्रेगरी, लारिसा. इवान्ना तिची धाकटी बहीण, ग्रेगरी बहिणीचा नवरा, आणि लारिसा त्यांचं एकुलतं लेकरू. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातावर घेऊन उभी राहिलेली धर्ममाताही झेनियाच. तिला स्वतःचं मूलबाळ नाही.

झेनिया गावच्या शाळेच्या कचेरीत काम करते. कोण आलं नाही, कुणाला ताप आला, कुणाचा डबा घरी राहिला, ते सगळं तिच्या टेबलावर येतं. लारिसा त्याच शाळेत. मागच्या वर्षापासून शिक्षक आणि वर्गातली मुलं लारिसाला लुका म्हणू लागली होती, मुलगी नव्हे, मुलगा म्हणून. लेकराने स्वतःच तसं सांगितलं होतं आणि शाळेने फार चर्चा न करता ते मानलं होतं. झेनियाच्या कानावर ते आधी मैदानावरून आलं. कुणीतरी "लुका, पास दे" म्हणून ओरडलं आणि तिच्या बहिणीचं लेकरू वळलं.

त्या दुपारी लेकरू कचेरीत आलं.

"मावशी, तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"रागावलीस?"

"संताचं नाव आहे," झेनिया म्हणाली. "मला वाटलं होतं, तुझ्यासारखं पोर एखाद्या हॉकीवाल्याचं नाव घेईल."

लेकरू हसलं. मग म्हणालं, "आईला मी सांगणार आहे. तू नको सांगूस."

झेनियाने कबूल केलं. शाळेतली गोष्ट शाळेत, एवढंच तेव्हा तिच्या मनात होतं.

मग प्रांताच्या सरकारचा नवा नियम आला. सोळा वर्षांखालच्या मुलाला शाळेत दुसऱ्या नावाने हाक मारायची, मुलीला मुलगा म्हणायचं, तर आईबापांची परवानगी हवी. आमच्या चर्चच्या तळघरात पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या, करायला बसलेल्या बायकांमध्ये त्यावर पुष्कळ बोलणं झालं. बहुतेकींना नियम पटला. मलाही पटला होता, खोटं कशाला सांगू. आईला आपल्या पोटच्या पोराचं कळायला नको का?  झेनिया तेव्हा नुसती बटाटा कुस्करत राहिली.

शाळेचे मुख्याध्यापक मिस्टर फ्रीसन सरळ माणूस. त्यांनी लारिसाला बोलावलं, झेनियालाही बसवून घेतलं, कारण घरी फोन करायचं काम तिचंच होतं.

"माझ्यापुढे दोनच वाटा आहेत," ते म्हणाले. "एक तर आजपासून जुनं नाव, नाही तर तुझ्या घरी फोन. मधलं काही मला चालत नाही."

"ईस्टरपर्यंत थांबा," लेकरू म्हणालं. तेव्हा ईस्टरच्या आधीचा उपासकाळ नुकताच लागला होता. "पास्काच्या शनिवारी मी आईला सांगणार आहे."

"शनिवारीच का?"

"त्या दिवशी आम्ही दोघं पास्का भाजतो. बाबा खाणीवर असतात. आईचे हात पिठात असले की ती कुणावर चिडत नाही. आणि पीठ मळताना तिला मधेच उठून जाता येत नाही."

पास्का म्हणजे आमचा ईस्टरचा गोड पाव. अंडी, लोणी, वर पिठाचीच वेणी आणि क्रूस. आमच्याकडे त्याचं पीठ पहाटे भिजवतात आणि दिवसभर त्याच्यापाशी थांबावं लागतं. इवान्नाच्या हातचा पास्का गावात नावाजलेला. मिस्टर फ्रीसन मेनोनाइट, म्हणजे दुसऱ्या पंथाच्या, घरातले, पण त्यांनाही दर वर्षी एक पोचायचा.

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत राहिले. "तोवर लुका नाही," ते म्हणाले. "लारिसा म्हटलेलं तुला आवडत नाही, तर सगळे शिक्षक तुला आडनावाने हाक मारतील. हाव्रिलुक. त्याला कुणाची परवानगी लागत नाही."

"मग सगळ्यांनाच आडनावाने हाक मारा. मला एकट्याला नको."

तसंच झालं. काही आठवडे आमची शाळा सैन्यासारखी वाटत होती. गणिताच्या बाई विसरून मधेच "लुका" म्हणायच्या आणि तोंडावर हात ठेवायच्या. मुलं ह्या सगळ्याची मजा करत होती. झेनियाला मात्र मजा वाटत नव्हती. रोज संध्याकाळी बहिणीचा फोन यायचा, अंड्यांचे भाव, ग्रेगरीची खाणीवरची पाळी, तिचा दुखरा गुडघा. आणि रोज तिला वाटायचं, ही माझी सख्खी बहीण आणि मी हिच्यापासून एवढी मोठी गोष्ट दडवून बसले आहे.

उपासकाळात आम्ही मांस, दूध सोडतोच. त्यावर ज्याने त्याने आपापलं काही धरायचं असतं. झेनियाने त्या वर्षी धरलं ते असं: पहाटे कॉफीच्या आधी संतांच्या चित्रापुढे दिवा लावायचा, जमिनीला कपाळ टेकायचं आणि त्या लेकरासाठी प्रार्थना करायची. बोलता येत नाही तर निदान मागता तरी येईल.

पहिल्या दिवशी ती "लारिसा" म्हणाली आणि अडली. तिने मला नंतर सांगितलं, "अगं, ज्या नावाला ते पोर शाळेत मान वळवत नाही, ते नाव घेऊन मी त्याला देवापुढे कशी नेऊ? वाटलं, मी दुसऱ्याच कुणासाठी मागते आहे." मग ती दोन्ही नावं घेऊ लागली. आधी एक, मग दुसरं. काही दिवसांनी पहिलं नाव आपसूक गळलं. कपाळ जमिनीला लागलं की ओठांवर लुका यायचं. तिला त्यात शांत वाटायचं. मी तिला दोष देत नाही. प्रार्थनेत माणूस खोटं बोलू शकत नाही, आणि तिला खोटं बोलायची सवयच नव्हती.

ईस्टरच्या आदल्या रविवारला पाम रविवार म्हणतात; त्याच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही तळघरात पिरोगी भरत होतो. इवान्ना झेनियाच्या शेजारी बसली होती. समोर म्हातारी पॉली, जिच्या तोंडाला कुलूप नाही.

"तुझी पोरगी हल्ली बोलत नाही म्हणे," पॉली म्हणाली. "माझी नात सांगत होती."

"चौदाव्या वर्षी तू बोलत होतीस का आईशी?" इवान्ना म्हणाली.

"चौदाव्या वर्षी मी गाई पिळत होते. आई माझ्याशी बोलायची, मी गाईशी."

सगळ्या हसल्या. मग इवान्ना झेनियाच्या कानाशी आली. मी पलीकडे होते, मला ऐकू आलं.

"तू शाळेत असतेस. काही आहे का?"

झेनियाची बोटं पिरोगीच्या कडेवर थांबली. "तिलाच विचार ना."

"विचारलं. म्हणते, पास्का भाजताना सांगेन." इवान्नाच्या चेहऱ्यावर हसू होतं. "मला माहीत आहे काय आहे ते. फोनवर मैत्रिणी सारखं लुका, लुका करत असतात. कुणीतरी मुलगा आहे. मी कळून न कळल्यासारखं करते आहे. मी ठरवलंय, झेनिया, काहीही असो, ओरडायचं नाही. आपली आई ओरडली म्हणून मी तिला पुढे काहीच सांगितलं नाही. माझं पोर स्वतःहून येतंय माझ्याकडे. मी तिला येऊ देणार आहे."

झेनियाने मान खाली घातली आणि पिरोगीची कड पुन्हा चिमटली, इतकी जोरात की सारण बाहेर आलं.

"अगं फाडलीस," पॉली म्हणाली.

पाम रविवारी आमच्याकडे ताडाची पानं मिळत नाहीत. आम्ही विलो झाडाच्या मऊ कळ्यांच्या काड्या आणतो. फादर त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात आणि मग आम्ही एकमेकांच्या खांद्यावर ती काडी हलकेच मारून ईस्टर जवळ आल्याचं सांगतो. त्या दिवशी चर्च बरंच भरलेलं होतं. ग्रेगरी खाणीत होता. झेनियाच्या एका बाजूला इवान्ना, तिच्या पलीकडे लेकरू, हातात काडी.

फादर पायरी उतरून आले. "जिवंतांपैकी आज कुणाकुणाची आठवण करायची?"

पॉलीने आपली नावांची लांबलचक यादी सांगितली. मी माझी सांगितली. झेनिया उठली. पहाटेची प्रार्थना करून ती तशीच आली होती, पोटात काही नव्हतं, डोळे अर्धे मिटलेले.

"इवान्ना," ती म्हणाली. "ग्रेगरी. लुका."

फादरनी तेच सुरात म्हटलं. सगळ्यांनी "प्रभू, दया कर" म्हटलं. आणि मग त्या लहानशा चर्चमध्ये माना वळल्या. आमच्यात लुका नावाचा कुणी नाही.

"लुका कोण?" पॉली मागून म्हणाली, तिला हळू बोलता येत नाही. "कुणाला मुलगा झाला आणि मला सांगितलं नाही?"

दोघीतिघी हसल्या. इवान्नाही हसली. ती बहिणीकडे झुकून म्हणाली, "म्हणजे तुलाही माहीत आहे तो पोरगा. आणि माझी लारिसा राहिली की."

झेनियाने नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. "हो, शाळेतला आहे एक," एवढं म्हटलं असतं तरी शनिवार वाचला असता. पण तिच्या हातात पवित्र केलेली काडी होती, समोर वेदी होती. आणि तिचे डोळे आपोआप लेकराकडे गेले. लेकरू पांढरं पडलं होतं.

"तसं नाही गं," झेनिया पुटपुटली.

इवान्नाने बहिणीकडे पाहिलं, मग बहीण जिकडे बघत होती तिकडे पाहिलं. उरलेली सगळी प्रार्थना ती सरळ उभी होती. हात जोडलेले, ओठ हलत नव्हते.

बाहेर आल्यावर पायऱ्यांवर नेहमीसारखी गर्दी. लोक एकमेकांना काड्या मारून हसत होते, पोरं पळत होती. इवान्नाने पायरीवरच लेकराला थांबवलं. आवाज चढवला नाही. म्हणून जे जवळ होते त्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"लुका कोण आहे?"

लेकराने मावशीकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरू शकत नाही. मग आईकडे वळून म्हणालं, "मी."

पॉलीचा हात, काडी मारायला उचललेला, तसाच राहिला. इवान्नाने आजूबाजूला बघितलं, कोण कोण उभं आहे ते. नवऱ्याला सांगायच्या आधी गावाला कळलं, हे तिला त्या क्षणी समजलं असेल. तिने गाडीचं दार उघडलं आणि म्हणाली, "बस." लेकरू बसलं. झेनिया पुढे झाली तर इवान्नाने हात आडवा केला.

सोमवारी इवान्ना शाळेत आली. मिस्टर फ्रीसननी दार लावून घेतलं आणि झेनियाला आत बसू दिलं, कारण इवान्नाच म्हणाली, "बसू दे तिला. ऐकू दे."

"हा नियम आईबापांसाठीच आहे," मिस्टर फ्रीसन सांगू लागले. "तुम्हाला अंधारात ठेवू नये म्हणूनच तो—"

"मग मी शेवटची कशी?" इवान्ना म्हणाली. "गणिताच्या बाईंना माहीत होतं. बस चालवणाऱ्याला माहीत होतं. पॉलीच्या नातीला माहीत होतं. माझ्या बहिणीला माहीत होतं, जी रोज संध्याकाळी माझ्याशी अंड्यांच्या भावाबद्दल बोलते."

"लारिसाने स्वतः सांगायला वेळ मागितला होता. मी दिला. कदाचित माझं चुकलं."

"वेळ दिलात ते बरं केलंत. मी वाटच बघत होते. तुम्ही काय करणार होतात, शनिवारनंतर?"

"तुमचं हो किंवा नाही विचारणार होतो."

"आणि आज?"

"आजही तेच विचारायचं आहे. आता तुम्हाला कळलंय, तेव्हा मला थांबता येत नाही."

इवान्नाने बराच वेळ मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "आज मी रागात आहे. आज हो म्हटलं तरी ते रागाचं असेल आणि नाही म्हटलं तरी रागाचं. मला थोडे दिवस द्या."

मिस्टर फ्रीसनच्या चेहऱ्यावर खरंच दुःख होतं, झेनिया सांगत होती. "तुमचं 'हो' नसेल तोवर नियमाने ते 'नाही'च धरावं लागतं," ते म्हणाले. "आणि आडनावाची युक्तीही आता वरिष्ठांना कळली आहे. मला ती बंद करावी लागेल."

"म्हणजे मी गप्प राहिले तरी मीच नाही म्हटलं."

"तसंच."

"चांगला नियम आहे," इवान्ना म्हणाली आणि उठली.

झेनिया तिच्यामागून बाहेर गेली. गाड्या लावायच्या जागेत अजून बर्फाचे काळे ढीग होते. "इवान्ना, मी मुद्दाम नाही गं केलं. मी रोज प्रार्थना—"

"माहीत आहे मला. तू कधी काही मुद्दाम करत नाहीस." इवान्नाने गाडीची किल्ली हातात घट्ट धरली होती. "मी काय म्हटलं असतं, झेनिया? ह्या शनिवारी, पीठ मळता मळता, तिने मला सांगितलं असतं तर? चांगलं म्हटलं असतं की वाईट? मी इतकी तयारी केली होती. आता मलाच कधी कळणार नाही. चर्चच्या पायरीवर मी जी होते तीच माझ्या पोराने पाहिली. आता तीच त्याच्या लक्षात राहणार."

तिने "त्याच्या" म्हटलं. ते झेनियाच्या लक्षात आलं, पण इवान्नाच्या आलं की नाही कुणास ठाऊक. ती गाडीत बसली आणि गेली.

त्या ईस्टरला इवान्नाने पास्का दुकानातून आणला. चर्चमध्ये ईस्टरच्या खाण्याची टोपली आशीर्वादाला ठेवताना प्लास्टिकचं वेष्टण तेवढं काढलं होतं.  पॉलीसुद्धा त्यावर काही बोलली नाही. लेकरू आलं नव्हतं.

शाळेत झेनियानेच प्रत्येक वर्गात जाऊन सांगितलं: आजपासून लारिसा. गणिताच्या बाई रडल्या. लेकराने एकदाही तक्रार केली नाही. ते कचेरीत येईनासं झालं. उशीर झाला तर खिडकीतून उशिराची पावती मागायचं, घेऊन जायचं. झेनियाने एकदा हळूच म्हटलं, "मला माफ कर." लेकरू म्हणालं, "तुला एकच गोष्ट करायची होती, मावशी. गप्प बसायचं होतं." आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं ती म्हणते.

तिने पहाटेची प्रार्थना सोडली नाही. पण आता चर्चमध्ये ती नाव सांगायला उठत नाही. फादर तिच्याकडे बघून क्षणभर थांबतात आणि पुढे जातात. एकदा मी तिला म्हटलं, तुझ्या वतीने मी सांगू का? तिने नको म्हणून मान हलवली.

उन्हाळा गेला. शाळा पुन्हा उघडली. कापणीच्या दिवसांत एका सकाळी कचेरीतला फोन वाजला.

"शाळेची कचेरी," झेनिया म्हणाली.

"लारिसा हाव्रिलुकची आई बोलतेय."

सख्ख्या बहिणीचा आवाज, आणि तो कुणा अनोळखी बाईसारखा नाव सांगत होता.

"बोला," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

"तिच्या बापाशी बोलणं झालं आहे. शाळेत लुका म्हणायला आमची हरकत नाही. मिस्टर फ्रीसनना सांगाल?"

"सांगते. तुम्हाला येऊन सही करावी लागेल."

"ग्रेगरी येईल."

तिकडून कापणीच्या यंत्राचा आवाज येत होता, म्हणजे इवान्ना शेताच्या कडेला उभी राहून बोलत होती. झेनियाला विचारायचं होतं, घरी काय म्हणतेस त्याला? तुम्ही दोघं बोलता का? गुडघा कसा आहे?

"इवान्ना," ती म्हणाली.

"शाळेच्या कामासाठी फोन केला होता," इवान्ना म्हणाली. थोडा वेळ तिने फोन ठेवला नाही. मग ठेवला.